नवऱ्याने बायकोच्या अकाउंटवरून लिहिले, मग माफी कोणाच्या नावाने?

सुरंगी (धागाकर्ती)

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात चवथीच्या तोंडावर घडलेली गोष्ट आहे. गाव, वाडा, माणसे, कोणाचेच नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, पण त्यांनीही इथे नावे घेऊ नयेत ही हात जोडून विनंती.

आमचा बायकांचा स्वयंसाहाय्य गट आहे. चवथीला नेवऱ्या (म्हणजे करंज्या), लाडू, चकल्यांच्या ऑर्डरी घेतो. फुगडीचे पथकही याच बायकांचे. गटाच्या अध्यक्षबाईंविषयी गावच्या फेसबुक ग्रुपवर एक पोस्ट आली. ऑर्डरींचे पैसे त्यांनी घरात वापरले, हिशेबाची वही कोणाला दाखवत नाहीत, आणि शेवटी त्यांच्या मुलीच्या लग्नावरून एक वाक्य, जे मी परत लिहिणार नाही. पोस्ट आमच्याच खजिनदार बाईच्या नावाने, वर तिचा फोटो. बघता बघता स्क्रीनशॉट भजनी मंडळाच्या, वाड्याच्या, शाळेतल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरले.

त्या वेळी खजिनदार आमच्यासोबत नेवऱ्या भरत बसली होती. फोन घरी चार्जिंगला. कोणीतरी तिच्यासमोर आपला मोबाईल धरला. दोन्ही हात पिठाचे, म्हणून तिने स्क्रीनला हात लावला नाही, दुसरीनेच बोटाने वर सरकवत तिला ते वाचायला लावले. अध्यक्षबाई पाटाच्या पलीकडे, हातात कातणे. कातणे थांबले. खजिनदार एवढेच म्हणाली, "वयनी, हे मी न्हय." आणि खरेच ती नव्हती, कारण पोस्ट पडली त्या घटकेला ती आमच्या डोळ्यांसमोर होती.

लिहिले होते तिच्या नवऱ्याने. भाटातल्या, म्हणजे बागायतीतल्या, वाटेवरून त्याचा अध्यक्षबाईंच्या दिरांशी जुना वाद आहे, मामलेदारांपर्यंत गेलेला. राग त्या घरावर, म्हणून बायकोच्या तोंडून त्या घरच्या बाईला बोलला. आधी त्याने बायकोला सांगितले, अकाउंट हॅक झाले म्हण. ती म्हणाली नाही. मग रात्री तिच्याच अकाउंटवरून माफी आली: "माझ्या अकाउंटवरून गैरसमजातून एक पोस्ट झाली. कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास मी व माझे कुटुंब दिलगीर आहोत. विषय इथेच संपवावा."

हीसुद्धा त्यानेच लिहिली. बदनामी तिच्या नावाने, माफीही तिच्या नावाने, आणि त्या बाईने मात्र दोन्ही वेळा एक अक्षर लिहिलेले नाही. ग्रुपवर लोकांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले, कोणीतरी "मोठे मन" असेही लिहिले. मला हे अजिबात पटलेले नाही. मला वाटते, त्याने आपल्या अकाउंटवरून, आपल्या नावाने, "हे मी केले" असे लिहावे, आणि जिथे जिथे ती पोस्ट पोचली तिथे तिथे लिहावे. माफी दोघींची मागायची आहे. अध्यक्षबाईंची तर आहेच, पण बायकोचीही आहे, आणि ही दुसरी कोणाच्या लक्षातच येत नाही.

तुम्ही असे प्रकार पाहिले असतील. कायदा काय म्हणतो, आणि माणसे म्हणून आपण काय करावे, दोन्ही सांगा.

माटोळी

ताई, शंभर टक्के सहमत. पण त्याच्याकडे तिचा पासवर्ड कसा?

सुरंगी (धागाकर्ती)

फोन त्यानेच घेऊन दिला, अकाउंटही त्यानेच उघडून दिले. सिम त्याच्या नावावर, ओटीपी त्याच्या हातात. आमच्याकडे निम्म्या बायकांचे असेच आहे गे. त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते, मलासुद्धा परवापर्यंत हा प्रश्न पडला नव्हता.

काळाकोट

मी पणजीत वकिली करते. मोफत सल्ला म्हणून नव्हे, समजून घ्यायला म्हणून लिहिते.

गोव्यात नवराबायकोचे पासवर्ड एकमेकांकडे असणे इतके सवयीचे का, याचे एक कारण आपल्या नागरी कायद्यातही आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची मिळून होते, अर्धी-अर्धी. घर विकायचे तर दोघांच्या सह्या. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यानेही गोव्यासाठी ५ए हे वेगळे कलम केले. पगार ज्याचा त्याचा, पण घरभाडे, धंदा, ठेवींचे व्याज असे बाकीचे उत्पन्न दोघांत वाटून दाखवायचे. साहजिकच रिटर्न भरताना एक जण दोघांचे पॅन, दोघांचे लॉगिन घेऊन बसतो. बहुतेक घरांत तो नवरा असतो. तिथून बँक, तिथून ईमेल, तिथून फेसबुक.

पण अर्धी मालकी घराची असते, भाटाची असते. बायकोच्या नावाने बोलायचा हक्क कोणत्याही संहितेने नवऱ्याला दिलेला नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चे कलम ६६सी सांगते: दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळखीचे अन्य साधन अप्रामाणिकपणे किंवा कपटाने वापरले तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. संगणकाच्या आधारे दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणूक केली तर ६६डी, शिक्षा तेवढीच. दोन्ही कलमांत "पती-पत्नी वगळून" असे कुठेही नाही. मात्र कपट किंवा अप्रामाणिकपणा सिद्ध करावा लागतो. बायकोच्या फोनवरून गॅस बुक केला म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही.

अध्यक्षबाईंचा मार्ग वेगळा. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. ज्याची बदनामी झाली तो माणूस राजी असेल तर हा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो, म्हणजे इथे खऱ्या माफीला कायद्यातही किंमत आहे. आयटी कायद्याचे तसे नाही. त्याच्या ७७ए कलमात तडजोडीची सोय आहे, पण गुन्हा स्त्रीविरुद्ध किंवा १८ वर्षांखालील मुलाविरुद्ध असेल तर न्यायालयाला ती करता येत नाही. बायकोने उद्या ६६सीची तक्रार दिली तर "आमचे घरात मिटले" एवढ्यावर प्रकरण बंद होईल असे नवऱ्याने समजू नये.

आणि "हॅक झाले म्हण" हे तर फार धोक्याचे. तसे पोलिसांत जाऊन लिहून दिले असते तर खोटी माहिती दिल्याचा दोष बायकोवर आला असता, न्याय संहितेचे कलम २१७. तिने नाही म्हटले ते स्वतःला वाचवायला म्हटले असेल नसेल, पण त्या नकाराने ती वाचली.

निवृत्त_मास्तर_फोंडा

सुरंगीताई, तुमची तळमळ समजते, तरी मी वेगळे मत मांडतो. रागावू नका.

नवऱ्याला गावासमोर उभे केलेत तर रात्री तो घरीच जाणार आहे. त्या घरात ती बाई राहते. तुम्ही ग्रुपवर न्याय मिळवाल आणि भोगावे तिला लागेल. मी शाळेत उभा जन्म काढला, असे मिटवलेले आणि न मिटवलेले दोन्ही पाहिले आहे. अध्यक्षबाईंच्या घरी चार जाणत्या माणसांना घेऊन जावे, त्याने पाय धरावेत, विषय संपवावा. फेसबुकवर माफी मागून पुन्हा शंभर लोक प्रतिक्रिया देणार, जुनी पोस्ट ज्यांनी वाचली नव्हती तेही शोधून वाचणार. त्या मुलीच्या लग्नाचा विषय पुन्हा वर येणार. हे कोणाच्या भल्याचे?

आमच्या लहानपणी गावात असे काही झाले की देवळात महाजनांसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणे व्हायचे. चुकलेला माणूस स्वतःच्या तोंडाने बोलायचा, लोक ऐकायचे, आणि त्यानंतर तो विषय कोणी काढायचा नाही. त्यात जो आब होता तो या मोबाईलच्या माफीत नाही.

सुरंगी (धागाकर्ती)

मास्तर, रागावले मुळीच नाही. बाईला घरी त्रास होईल ही भीती खरी आहे. म्हणूनच तिला विचारल्याशिवाय मी एकही पाऊल टाकलेले नाही आणि टाकणार नाही. मुलीचे ते वाक्य माफीत परत यायला नको हेही तुमचे म्हणणे मी धरून ठेवते.

पण तुम्ही देवळातले सांगितलेत त्यातच माझे उत्तर आहे. तो माणूस स्वतःच्या तोंडाने बोलायचा. बायकोला नारळ घेऊन पुढे पाठवून आपण खांबाआड उभा राहायचा नाही. आणि गाऱ्हाणे ऐकायला तेच लोक असायचे ज्यांच्यासमोर वाद झाला होता. घरी जाऊन पाय धरले तर अध्यक्षबाईंना कळेल, पण भजनी मंडळातल्या त्या चाळीसेक माणसांना कसे कळेल की खजिनदाराने ते लिहिले नव्हते? बाजारात परवा एका म्हातारीने तिला तोंडावर विचारले, "शेजारणीच्या चलयेचें अशें बरयता गे तूं?" (शेजारणीच्या मुलीबद्दल असे लिहितेस गं तू?) तिने काय उत्तर द्यायचे?

वास्कोची_सून

माझा नवरा बोटीवर असतो. महिनोन्‌महिने समुद्रात, नेट कधी असते कधी नाही. त्याचे फेसबुक मीच चालवते, त्याच्या सांगण्यावरून. चवथीचा गणपती, पोराचा वाढदिवस, कोणाच्या मर्तिकाची बातमी आली तर दोन ओळी. नातेवाइकांना माहीत आहे, मी खाली "घरातून" असे लिहिते.

मागे त्याच्या चुलतभावाने भाटाच्या वाटणीवरून त्याच्या भिंतीवर वाटेल ते लिहिले. सासूबाई म्हणाल्या, दे त्याच्या नावाने उत्तर, तुझ्या हातात आहे तर. मी दिले नाही. बोट बंदराला लागल्यावर त्याला स्क्रीनशॉट पाठवला. त्याने स्वतः काय लिहायचे ते लिहिले, आणि मी लिहिले असते त्यापेक्षा फार मवाळ लिहिले. तो त्याचा भाऊ आहे, लहानपणी दोघे एका ताटात जेवलेले, हे मला कुठून सुचणार होते.

सांगायचे असे की पासवर्ड दुसऱ्याकडे असणे हा अपराध नाही. तो माणूस जे बोलला नसता ते त्याच्या तोंडी घातले की अपराध झाला.

पारिजात

हा धागा वाचून दोन दिवस लिहू की नको चालले होते.

मी विणकाम करते, लहान मुलांचे कपडे, इन्स्टाग्रामवरून विकते. नवरा माझ्या फोनवर नजर ठेवायचा. एकदा माझ्या पुरुष गिऱ्हाइकांना त्याने माझ्याच अकाउंटवरून घाण उत्तरे पाठवली, मी लिहितेय असे दाखवून. एक गिऱ्हाईक तर मुलीच्या बारशासाठी टोपडे मागणारा बिचारा बाप होता. त्याने उत्तराचा स्क्रीनशॉट सगळीकडे टाकला आणि लोकांनी माझ्या पानावर येऊन मला धुऊन काढले.

मग घरच्यांनी तोडगा काढला, दोघांनी मिळून व्हिडिओ करायचा. सोप्यावर बसवले आम्हाला. नणंदेने फोन धरला. सुरू करायच्या आधी त्याने मला मंगळसूत्र ओढणीवर काढून घ्यायला सांगितले, दिसले पाहिजे म्हणून. मग तो बोलला, "आमच्यात थोडा गैरसमज झाला होता, आम्ही दोघे तुमची माफी मागतो." मी शेजारी बसून ओढणीच्या टोकाचा गोंडा सोडवत होते, तो पूर्ण सुटला. खाली प्रतिक्रिया आल्या, किती छान जोडी, संसारात असे होतेच, देव तुम्हाला सुखी ठेवो.

तो गोड बोलत होता आणि माझी गिऱ्हाइके हळूहळू कमी होत होती, कारण त्या व्हिडिओतही कुठे म्हटले नव्हते की ते मेसेज मी लिहिले नाहीत. "आम्ही दोघे" या दोन शब्दांनी अर्धा दोष कायमचा माझ्या पदरात टाकला. आज मी वेगळी राहते. मला तेव्हा मोठा समारंभ नको होता. त्याने त्या टोपडेवाल्या बापाला आपल्या नंबरवरून एक मेसेज करून "ते मी लिहिले, तिने नाही" एवढे सांगायला हवे होते.

सुरंगीताई, त्या बाईला जोडीने माफी मागायला लावू देऊ नका. कृपा करा.

सुरंगी (धागाकर्ती)

पारिजात, तुमचा प्रतिसाद मी खजिनदार बाईला वाचून दाखवला, तुमची परवानगी न घेता, त्याबद्दल राग मानू नका. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, आमच्याकडेही भावोजींनी व्हिडिओच सुचवला आहे.

बायनरी_म्हापसा

तांत्रिक बाजू थोडी सांगतो, कारण घाईत लोक पुरावाच पुसून टाकतात.

मूळ पोस्ट काढून टाकण्याआधी तिचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख, वेळ आणि लिंक दिसेल असे. फेसबुकच्या सेटिंगमध्ये आपले अकाउंट कोणकोणत्या फोनवर, कॉम्प्युटरवर उघडे आहे त्याची यादी असते, तिचाही फोटो काढा आणि मगच सगळीकडून लॉगआउट करा. पोस्ट तिच्या स्वतःच्या फोनवरून केली असेल तर ही यादी काही सिद्ध करणार नाही, पण त्याच्या फोनवरून केली असेल तर बरेच काही सांगेल. व्हॉट्सअॅपला लिंक्ड डिव्हाइसेस बघा, एका खात्याला चारपर्यंत उपकरणे जोडता येतात आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपवर ते उघडे राहिलेले असते. त्यानंतर पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (दुहेरी खातरजमा) सुरू करा. खरे काम मात्र सिमचे आहे. सिम त्याच्या नावावर आणि ओटीपी त्याच्या हातात असेपर्यंत पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी तो परत आत येऊ शकतो. तिच्या आधारवर तिच्या नावाचे सिम घ्या आणि अकाउंटला तो नंबर जोडा.

व्हॉट्सअॅपवर "सर्वांसाठी डिलीट" पाठवल्यापासून साधारण अडीच दिवसांपर्यंतच चालते, तेही ज्याने पाठवले त्याला. ग्रुपचा अॅडमिन मात्र दुसऱ्याचा मेसेज काढू शकतो. म्हणून प्रत्येक ग्रुपच्या अॅडमिनला गाठा. फिरलेले स्क्रीनशॉट कोणालाच परत घेता येत नाहीत, हे मनाशी धरूनच माफी लिहायची.

तक्रार करायची झाली तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे पोर्टल आहे, आणि गोवा पोलिसांचे सायबर ठाणे रायबंदरला. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, या कामाला पोर्टल किंवा ठाणे बरे.

वाचक_पर्वरी

"पोस्ट काढली, माफी मागितली, आता काय?" असे म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणे.

तामिळनाडूतले एस. व्ही. शेखर, नट आणि माजी आमदार. २०१८ मध्ये महिला पत्रकारांविषयीची एक गलिच्छ पोस्ट त्यांनी फेसबुकवर पुढे ढकलली. मग काढली, माफीही मागितली. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये सांगितले की पाठवलेला मेसेज हा धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखा आहे, नुकसान झाल्यावर माफीने सुटका नाही. सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या वकिलांनी सांगून पाहिले की डोळ्यांत औषध घातले होते, वाचता आले नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथेही दाद मिळाली नाही.

दुसरे पतंजलीचे. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने वर्तमानपत्रांत माफीच्या जाहिराती दिल्या, तर सर्वोच्च न्यायालयाने विचारले, तुमच्या मूळ जाहिरातींएवढ्याच आकाराची माफी आहे का? दुसऱ्या दिवशी मोठ्या जाहिराती आल्या. सुरंगीताई म्हणतात ते हेच, जितक्या लोकांत बोललात तितक्या लोकांत माफी.

नवराबायकोपुरते बोलायचे तर अमेरिकेतले एक प्रकरण आठवते. फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स या बास्केटबॉल संघाचे प्रमुख ब्रायन कोलांजेलो यांना २०१८ मध्ये पद सोडावे लागले, कारण त्यांच्या पत्नीने निनावी ट्विटर खात्यांवरून संघातल्या खेळाडूंवर टीका केली होती आणि आतल्या गोष्टी फोडल्या होत्या. तिथे नावसुद्धा नवऱ्याचे वापरलेले नव्हते, तरी नोकरी त्याची गेली. एकाने लिहावे आणि दुसऱ्याने भोगावे, दिशा फक्त उलटी.

माटोळी

मग नवराबायकोत खाजगी असे काही नसतेच का? मागे न्यायालयाने म्हटले ना, बायकोचा फोन चोरून रेकॉर्ड केलेला चालतो?

काळाकोट

तो निकाल जुलै २०२५ चा. सर्वोच्च न्यायालयाने एवढेच म्हटले की घटस्फोटाच्या खटल्यात जोडीदाराचे गुपचूप रेकॉर्ड केलेले संभाषण पुरावा म्हणून मांडता येईल. पुरावा म्हणून दाखवता येणे वेगळे, आणि तिच्या फोनमध्ये घुसून तिच्या नावाने जगाशी बोलणे वेगळे. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, लग्न झाले म्हणून तो हक्क दाराबाहेर ठेवावा लागत नाही.

सुरंगीताई, एक अडचण आधीच सांगून ठेवते. नवऱ्याने "हे मी केले" असे लिहून दिले की ती त्याची कबुली झाली, पुढे त्याच्याविरुद्ध वापरता येते. कोणताही वकील त्याला सांगेल, असे लिहू नकोस, गोलमोल लिही. म्हणूनच आपल्याला जागोजागी "भावना दुखावल्या असल्यास" वाचायला मिळते. त्याला गोलमोल लिहिण्यापासून सोडवायचे तर अध्यक्षबाईंनी आधी ठरवावे की त्याने नीट लिहिले तर आपण बदनामीची फिर्याद करणार की नाही. ते त्यांनी मोकळ्या मनाने ठरवावे, कोणी दबाव आणू नये.

सुरंगी (धागाकर्ती)

अध्यक्षबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, त्याने माझ्या मुलीचे नाव न घेता, पैशांबद्दल लिहिलेले खोटे होते एवढे स्पष्ट लिहिले, तर मी कोर्टात जाणार नाही. खजिनदार बाईने एकच मागणे केले. त्याने अध्यक्षबाईंच्या घरी जावे, पण एकट्याने. ती सोबत जाणार नाही.

त्याने लिहिलेला पहिला मसुदा असा होता: "रागाच्या भरात पत्नीच्या अकाउंटवरून एक पोस्ट गेली. वाटेच्या प्रश्नामुळे मी तणावात होतो. कोणाचे मन दुखावले असेल तर क्षमा असावी." यात काय बदलावे ते सांगा. तिच्या भावाच्या हातून त्याला पाठवते.

पारिजात

"पोस्ट गेली" नको. "मी टाकली" हवे. आणि तिला माहीत नव्हते, हे हवे. माझे सगळे तिथेच अडकले होते.

निवृत्त_मास्तर_फोंडा

वाटेचा प्रश्न काढून टाकायला सांगा. माफीत स्वतःची बाजू मांडली की ऐकणारा पुन्हा भांडायला उभा राहतो. वाटेचा निवाडा मामलेदार करतील.

आणि खाली प्रतिक्रिया बंद ठेवा, एवढे माझे ऐका. मुलीच्या भल्यासाठी.

बायनरी_म्हापसा

मास्तरांशी सहमत. फेसबुक ग्रुपचा अॅडमिन पोस्टवरच्या कॉमेंट्स बंद करू शकतो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर काही तास फक्त अॅडमिनला लिहिता येईल असे करून ठेवा.

काळाकोट

"असेल तर" हे काढाच. दुखावले आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पैशांचा आरोप खोटा होता हे वाक्य नसेल तर अध्यक्षबाईंच्या दृष्टीने बाकीच्या मजकुराला काही अर्थ राहत नाही.

सुरंगी (धागाकर्ती)

उशिरा लिहिते, चवथीची गडबड होती.

शेवटी त्याने हे लिहिले, स्वतःच्या अकाउंटवरून: "गटाच्या अध्यक्षांविषयीची पोस्ट मी लिहिली आणि माझ्या पत्नीच्या अकाउंटवरून तिला न विचारता टाकली. त्यानंतर तिच्या नावाने आलेली माफीही मीच लिहिली होती. पैशांबद्दल मी लिहिलेले खोटे आहे. माझ्या पत्नीचा यात काहीही संबंध नाही. मी अध्यक्षांची आणि माझ्या पत्नीची माफी मागतो." पहिले दोन दिवस तो तयार नव्हता. "पत्नीची" हा शब्द त्याने दोनदा काढला आणि तिच्या भावाने दोनदा परत घालायला लावला. मन बदलले की फिर्यादीची भीती वाटली, मला सांगता येणार नाही. तिच्या नावाची जुनी माफी मात्र तिने स्वतः, आपल्या हाताने काढून टाकली.

अध्यक्षबाईंच्या घरी तो एकटा गेला. त्यांनी सोप्यावर बसवले, पाणी दिले. माफ केले असे त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, शनिवारी गटाची बैठक आहे, वही उघडणार आहे, तू येऊन वाच. तो आला. ऑर्डरींची पाने त्याने सगळ्यांसमोर वाचली, आम्ही पंधरा जणी ऐकत होतो. कोणी काही बोलले नाही.

मास्तर, तुमची भीती मी विसरलेले नाही. तिचा भाऊ सध्या एक दिवसाआड येऊन जातो. नवीन सिम तिच्या नावाने घेतले, फोनचे लॉक तिने बदलले. त्याने विचारले, माझ्यावर विश्वास नाही का? ती म्हणाली, नाही, सध्या नाही.

वास्कोची_सून

हे ऐकून फार बरे वाटले. तिला माझा नमस्कार सांगा. व्हॉट्सअॅपवर सगळ्या ग्रुपांत गेले का?

सुरंगी (धागाकर्ती)

वाड्याच्या आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर गेले. तिथे अॅडमिनने पिन केले आहे, ३० दिवसांसाठी, त्यापेक्षा जास्त ठेवता येत नाही. शाळेतल्या पालकांच्या ग्रुपचा अॅडमिन म्हणतो, विषय जुना झाला, आता कशाला उकरता. पण खजिनदार बाईचा मुलगा त्याच शाळेत सहावीत आहे, आणि मूळ स्क्रीनशॉट त्या ग्रुपवर अजून तसाच आहे. सोमवारी शाळा सुटायच्या वेळी मी आणि अध्यक्षबाई त्याला भेटायला जाणार आहोत.